खुर्चीवर संशोधन करणारी माणसं

‘बसणं हे नवं धूम्रपान आहे’ हा मजकूर तुमच्याही फॅमिली ग्रुपवर येऊन गेला असेल. पाठवणारे काका तो बहुधा सोफ्यावर रेलूनच पाठवतात. आठवड्याभराने दुसरा मजकूर येतो, रोज दहा हजार पावलं चाला. मग तिसरा येतो, दहा हजारांची काही गरज नाही, सात हजार पुरेत. त्यानंतर कुणीतरी कळवतं की सकाळी कितीही पळा, दिवसभर खुर्चीत बसलात तर सगळं पाण्यात. माणूस वैतागतो आणि पुन्हा बसतो.

मध्येच एखादा आकडा मात्र दचकवतो. जून २०२४ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या नियतकालिकात जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधकांनी देशोदेशींची आकडेवारी मांडली. तिच्यानुसार २०२२ मध्ये भारतातले जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नव्हते. २००० मध्ये हेच प्रमाण २२ टक्क्यांच्या आसपास होतं. २०२२ मध्ये बायकांमध्ये ते ५७ टक्के होतं, पुरुषांमध्ये ४२.

हे सगळं मोजतं कोण? जगात काही माणसं अशी आहेत की ज्यांनी अख्खी नोकरी, पीएच.डी.पासून निवृत्तीपर्यंत, लोक किती हलतात आणि किती वेळ बसून असतात हे मोजण्यात घालवली. ऐकायला गंमत वाटते, पण त्यांचं काम कसं चालतं हे एकदा कळलं की वरच्या फॉरवर्डांपैकी कुठला मनावर घ्यायचा हे बरंचसं आपलं आपल्यालाच ठरवता येतं.

एक बस, दोन नोकऱ्या

या विषयाची सुरुवात बहुतेक जण लंडनच्या दुमजली बसपासून सांगतात, आणि ते योग्यच आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये हृदयविकाराचं प्रमाण झपाट्याने वाढत होतं. का, ते कुणालाच नीट सांगता येत नव्हतं. जेरी मॉरिस नावाचे डॉक्टर तिथल्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सामाजिक आरोग्य विभागाचे प्रमुख होते. जन्म १९१०चा, लहानपण ग्लासगोत गेलेलं. माणसाच्या कामधंद्याचा आणि या आजाराचा काही संबंध आहे का, हे त्यांना तपासायचं होतं. त्यासाठी अशी माणसं हवी होती की ज्यांचं वय, पगार, राहणीमान साधारण सारखं, पण कामातला एखादाच फरक ठळक.

तशी जोडी त्यांना बसमध्ये सापडली. ड्रायव्हर आणि कंडक्टर. खातं एक, गाडी एक, रस्ता एक. ड्रायव्हर पाळीतला नव्वद टक्के वेळ बसून. कंडक्टर मात्र तिकिटं फाडत दिवसाला पाचशे ते साडेसातशे पायऱ्या चढणारा. मुंबईत बेस्टच्या जुन्या डबल डेकरमध्ये पंच टिकटिकवत वरखाली करणारा कंडक्टर ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे चित्र वेगळं समजावून सांगायला नको.

लंडनच्या वाहतूक खात्यातल्या ३५ ते ६४ वयाच्या सुमारे ३१ हजार पुरुषांच्या नोंदी मॉरिस यांच्या गटाने तपासल्या. कंडक्टरांमध्ये हृदयविकार कमी आढळला, आला तर उशिराच्या वयात आला, आणि आल्याआल्या जीव जाण्याचं प्रमाण ड्रायव्हरांच्या मानाने बरंच कमी होतं. मग टपाल खात्यातही तेच पाहिलं. पायी आणि सायकलवर पत्रं वाटणारे पोस्टमन एकीकडे, टेबलाशी बसणारे कारकून आणि टेलिफोन ऑपरेटर दुसरीकडे. कल तसाच निघाला. १९५३ मध्ये हा निबंध ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. हृदयाचा आणि हालचालीचा काही संबंध असेल, ही कल्पना तेव्हा अनेक डॉक्टरांना ओढूनताणून आणलेली वाटली होती.

पण ड्रायव्हर आधीपासूनच जाड असतील तर?

कुणाही शहाण्या वाचकाला पहिली शंका हीच येईल. जो मुळात सडपातळ, चपळ, तो कंडक्टर होणार. जो जरा सुस्त, तो स्टिअरिंग पसंत करणार. मग फरक नोकरीने पडला की माणूसच वेगळा होता?

मॉरिस यांची मला सगळ्यात आवडणारी गोष्ट इथे येते. ही शंका दुसऱ्याने काढायची वाट न बघता त्यांनी स्वतःच ती धसास लावायला घेतली. आणि पुरावा कुठे शोधला, तर गणवेशाच्या पँटींमध्ये. खातं सगळ्यांना गणवेश देत असे आणि शिवण्यासाठी घेतलेली मापं दप्तरी नोंदलेली असत. त्या मापांवरून १९५६ मध्ये त्यांनी आणखी एक निबंध लिहिला. ड्रायव्हरांच्या पँटीची कंबर खरोखरच मोठी होती, अगदी तरुण ड्रायव्हरांचीसुद्धा. म्हणजे शंकेत तथ्य होतं आणि ते त्यांनी छापून टाकलं. पण पुढे असंही दिसलं की सडपातळ, मध्यम किंवा पोट सुटलेला असा कुठलाही गट घेतला, तरी त्या-त्या गटात कंडक्टरच सुरक्षित निघत होते. सगळा फरक कंबरेच्या घेरावर ढकलता येत नव्हता.

तेवढ्यानेही त्यांचं समाधान झालं नाही. नोकरीची निवड हाच गोंधळ असेल तर तो काढून टाकायचा उपाय एकच, सगळे एकाच प्रकारची नोकरी करणारे घ्यायचे. साठच्या दशकाच्या अखेरीस त्यांनी ब्रिटनच्या सरकारी कचेऱ्यांमधले हजारो मध्यमवयीन पुरुष निवडले, सगळे खुर्चीवरचे. सोमवारी सकाळी, आधी काहीही न सांगता, त्यांच्याकडून आदल्या शुक्रवारी आणि शनिवारी काय-काय केलं याचा हिशेब लिहून घेतला. मग वर्षानुवर्षं वाट पाहिली. मोकळ्या वेळात पोहणं, वेगाने सायकल चालवणं, मैदानी खेळ असं दमवणारं काही करणाऱ्यांमध्ये हृदयविकार इतरांपेक्षा खूपच कमी निघाला.

वाट पाहिली, हे शब्द सहज लिहून झाले. या क्षेत्रातल्या माणसाचं आयुष्य बहुतांशी त्यातच जातं. आज प्रश्न विचारायचा, उत्तर दहा-पंधरा वर्षांनी. मधल्या काळात अनुदानासाठी अर्ज, आणि अभ्यासातली माणसं पत्ता बदलून निसटू नयेत म्हणून त्यांचा पाठपुरावा.

बसणं म्हणजे नेमकं काय?

इथे एक व्याख्या लागेल, एकदाच. संशोधकांचं माप आहे ‘मेट’. निवांत बसलेलं शरीर जेवढी ऊर्जा खर्च करतं, ती एक मेट. साधं चालणं तीन मेटच्या आसपास. जागेपणी बसून, रेलून किंवा आडवं पडून, दीड मेटपर्यंतच ऊर्जा खर्च होईल अशा अवस्थेत घालवलेला वेळ म्हणजे बैठा वेळ. झोप त्यात धरत नाहीत.

याचा अर्थ, बैठं असणं आणि व्यायाम न करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रोज पहाटे पर्वतीच्या पायऱ्या चढून मग हिंजवडीत नऊ तास खुर्चीत बसणारी इंजिनिअर व्यायाम करणारी आहे आणि बैठीही आहे. साड्यांच्या दुकानात दिवसभर उभा असणारा सेल्समन व्यायाम करत नसेल, पण बैठा नाही. मॉरिस यांच्या काळात हा फरक कुणी करत नसे. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत, विशेषतः ऑस्ट्रेलियातल्या नेव्हिल ओवेन, डेव्हिड डन्स्टन यांच्यासारख्या संशोधकांनी, खुद्द बसण्यालाच वेगळा विषय केला.

त्यात मोजण्याची अडचण मोठी. ‘तुम्ही दिवसात किती तास बसता?’ असं विचारलं तर खरं उत्तर कुणालाच ठाऊक नसतं, आणि आपण सगळेच थोडं कमी सांगतो. म्हणून यंत्रं आली. मनगटावरचं यंत्र हालचाल ओळखतं, पण तुम्ही निश्चल उभे आहात की बसलेले, यात त्याची गल्लत होते. मांडीवर चिकटवायचं छोटं यंत्र हा फरक ओळखतं, कारण बसल्यावर मांडी आडवी होते. तुमच्या घड्याळाने दाखवलेल्या आकड्यावर नवराबायकोत वाद होत असेल तर हे लक्षात ठेवा.

बसल्याने शरीरात काय बिघडतं?

जेवणानंतर रक्तात साखर येते. तिचं सर्वात मोठं गिऱ्हाईक म्हणजे स्नायू, त्यातही मांड्या-पोटऱ्यांचे मोठे स्नायू. बाजार समितीत मालाच्या गाड्या येऊन उभ्या आहेत आणि सगळ्यात मोठा व्यापारी गाळा बंद करून बसलाय, अशी कल्पना करा. माल यार्डातच पडून राहणार. आपण बसतो तेव्हा हे स्नायू जवळजवळ बंद असतात, साखर रक्तात रेंगाळते, आणि ती हटवायला शरीराला इन्सुलिन जास्त सोडावं लागतं. स्नायू आकुंचन पावू लागले की ते इन्सुलिनची फारशी वाट न बघताही साखर ओढून घेतात. गाळा उघडतो.

डन्स्टन यांच्या गटाने २०१२ मध्ये हे थेट करून पाहिलं. वजन जास्त असलेल्या १९ जणांना गोड पेय दिलं आणि पाच तास बसवलं. दुसऱ्या एका दिवशी तेच पेय, तेच पाच तास, पण दर वीस मिनिटांनी दोन मिनिटं हळूहळू चालणं. चालण्याच्या दिवशी साखरेची एकूण वाढ जवळपास पाव हिश्श्याने कमी भरली. वेगात चाललं तर थोडी आणखी कमी, पण फार नाही. म्हणजे घाम गाळायची गरज नव्हती. बसणं मधूनमधून मोडणं एवढंच पुरलं.

प्रयोग छोटा आणि काही तासांचा आहे, हे मात्र धरून चाला. याने मधुमेह टळतो असं सिद्ध होत नाही. पण मोठे अभ्यास आपल्याला ‘बसणारे जास्त आजारी पडतात’ एवढंच सांगतात. ‘का’ याचं उत्तर अशा छोट्या प्रयोगांतून येतं. दोन्ही एकाच दिशेला बोट दाखवायला लागले की संशोधकांचा विश्वास वाढतो.

मी रोज तासभर व्यायाम करतो, मग?

मग ‘सगळं पाण्यात’ हा फॉरवर्ड खुशाल डिलीट करा. उल्फ एकेलुंड आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये दहा लाखांहून जास्त लोकांची आकडेवारी एकत्र केली. रोज ६० ते ७५ मिनिटं मध्यम व्यायाम, म्हणजे बऱ्यापैकी भरभर चालणं, करणाऱ्यांमध्ये आठ तासांहून जास्त बसण्याने वाढलेला मृत्यूचा धोका जवळजवळ पुसला गेलेला दिसला.

इथे तुम्ही म्हणाल, रोज सव्वा तास कुणाला जमतो? बरोबर. म्हणूनच बसणं कमी करण्याचा सल्ला मुख्यतः एवढा व्यायाम न करणाऱ्यांसाठी आहे, आणि ते आपण बहुसंख्य आहोत. जागतिक आरोग्य संघटनेची २०२०ची शिफारस आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम, किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरदार हालचालीची आहे. बसण्याचे कमाल तास मात्र तिने ठरवून दिलेले नाहीत. बसणं कमी करा, एवढंच म्हटलंय. नेमका आकडा सांगण्याइतका पुरावा नव्हता, आणि तो ओढूनताणून न देणं मला प्रामाणिकपणाचं वाटतं.

धूम्रपानाशी तुलना तर सरळ चुकीची. सिगारेटने होणारं नुकसान बसण्याच्या नुकसानीच्या कित्येक पटींनी मोठं आहे. ‘तसंही बसून मरणारच, मग एक ओढू’ असं कुणी म्हणू नये.

दहा हजार पावलांचं काय?

हा आकडा प्रयोगशाळेतून आलेला नाही. टोकियो ऑलिंपिकनंतर १९६५ मध्ये एका जपानी कंपनीने पावलं मोजायचं यंत्र बाजारात आणलं आणि त्याच्या नावातच दहा हजार पावलं घातली. जाहिरात इतकी चालली की आज ती फोनमध्ये येऊन बसली आहे.

हार्वर्डच्या आय-मिन ली यांनी २०१९ मध्ये सुमारे १७ हजार वयस्कर अमेरिकन स्त्रियांचा अभ्यास छापला, सरासरी वय ७२. दिवसाला सुमारे २,७०० पावलं चालणाऱ्यांच्या तुलनेत ४,४०० चालणाऱ्यांमध्ये त्या काळातलं मृत्यूचं प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी होतं. साडेसात हजारांच्या आसपास फायदा थबकला. २०२५ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून सात हजारांचा आकडा पुढे आला, तो याच वाटेवरचा.

४१ टक्क्यांना भुलू नका, घाबरूही नका. समजा एखाद्या गटात हजारात दहा जण दगावतात. ४१ टक्के घट म्हणजे दहाचे सहा झाले. चार जीव वाचले ही मोठीच गोष्ट आहे, पण हजारातले चारशे नव्हेत. बातमीत टक्केवारी दिसली की ‘कशाच्या टक्के?’ हा प्रश्न विचारायची सवय लावून घ्या.

त्या आकड्यांतला खरा कळीचा भाग वेगळाच आहे. सगळ्यात मोठा फायदा सगळ्यात कमी चालणाऱ्यांना होतो. अडीच हजारांवरून साडेचार हजारांवर जाण्यात जे मिळतं, ते आठवरून दहा हजारांवर जाण्यात मिळत नाही. गुडघे धरून सोसायटीच्या आवारात दोन फेऱ्या मारणाऱ्या आजींना ‘एवढ्याने काय होतंय’ म्हणणाऱ्यांनी हे वाचावं.

आमची कामवाली, आमचा हमाल, त्यांना कुठे निरोगी ठेवतात श्रम?

हा आक्षेप सगळ्यात वजनदार आहे आणि त्याचं पक्कं उत्तर अजून नाही. कोपनहेगनचे आंद्रेआस होल्टरमन यांनी यावर बरंच काम केलंय. त्यांच्या मांडणीनुसार मोकळ्या वेळातला व्यायाम हृदयाला तरतरी देतो, पण कामावरचे श्रम देतीलच असं नाही. व्यायाम थोडा वेळ आणि विसावा भरपूर. हमालीत ओझं तासन्‌तास आणि विसावा मालकाच्या मर्जीवर. त्यात नाडी आणि रक्तदाब दिवसभर चढलेले राहतात. उलट नॉर्वेतल्या २०२१च्या एका मोठ्या अभ्यासात श्रमाची कामं करणारे पुरुष बैठ्या कामवाल्यांपेक्षा थोडे जास्तच जगलेले दिसले. गरिबी, तंबाखू, वेळेवर न मिळणारे उपचार हे सगळं श्रमाच्या हिशेबातून वेगळं काढणं फार अवघड आहे, वाद आहे तो तिथेच.

घरकामाबद्दल थोडी बरी बातमी आहे. सिडनी विद्यापीठाचे इमॅन्युएल स्टामाटाकिस यांच्या गटाने २०२२ मध्ये ब्रिटनमधल्या, व्यायाम अजिबात न करणाऱ्या सुमारे २५ हजार लोकांच्या मनगटयंत्रांच्या नोंदी पाहिल्या. जिना भरभर चढणं, जड पिशव्या उचलून झपझप चालणं, असं धाप लागेल इतकं काहीतरी एक-दोन मिनिटं, दिवसातून तीनेकदा ज्यांच्याकडून होत होतं, त्यांच्यात हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण जवळपास निम्मं होतं. यातही तीच जुनी शंका काढता येईल, की मुळात धडधाकट माणसंच झपझप चालतात. अभ्यासकांनी आधीपासून आजारी असलेल्यांना वगळून पुन्हा हिशेब केला आणि कल टिकला, पण शंका शून्यावर कधीच येत नाही.

मी तर बारीक आहे

यासाठी पुण्याकडे बघावं लागेल. केईएम रुग्णालयाच्या मधुमेह विभागाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या हिशेबात वजन, सारखाच होता, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. वजनकाटा दोघांनाही एकच शेरा देणार. आपल्याकडच्या माणसात स्नायू कमी आणि चरबी जास्त, तीही पोटाभोवती, हे त्या एका फोटोने जगाला पटवून दिलं. बाजार समितीत मोठा व्यापारीच लहान असेल, तर त्याने गाळा बंद ठेवणं आणखी महागात पडणार. ग्लासगोत झालेल्या एका अभ्यासाचं म्हणणं होतं की युरोपीय माणसाला १५० मिनिटांत जे मिळतं, त्यासाठी दक्षिण आशियाई माणसाला आठवड्याला सुमारे २३० मिनिटं लागतील.

उभ्याने काम करायची महागडी टेबलं घ्यावीत का? माझं मत विचाराल तर पैसे वाचवा. २०२४ मध्ये ८३ हजार लोकांच्या नोंदींवरून दिसलं की नुसतं उभं राहिल्याने हृदयविकार कमी होत नाही, आणि फार वेळ उभं राहिलं तर पायांच्या शिरा फुगण्यासारखे त्रास वाढतात. उभं राहणं म्हणजे हलणं नव्हे.

वेळ आणि जागा कुणाकडे आहे?

सुरुवातीच्या आकड्यांत बायकांचं प्रमाण पुरुषांपेक्षा शंभरात १५ने वाईट का, याचं उत्तर स्नायूंत सापडणार नाही. संध्याकाळी सातला, दिवे नसलेल्या रस्त्यावर, फुटपाथवर लावलेल्या मोटारसायकलींतून वाट काढत भरभर चालायचं असेल तर त्याआधी स्वयंपाक कुणी करायचा, हेही ठरावं लागतं.

मॉरिस यांना हे फार आधी उमगलं होतं. १९९६ मध्ये क्रीडाविज्ञानासाठीचं पहिलं ऑलिंपिक पारितोषिक त्यांना आणि अमेरिकेच्या राल्फ पाफेनबार्गर यांना विभागून मिळालं, पण तोवर त्यांचं लक्ष दुसरीकडे वळलं होतं. श्रीमंत आणि गरिबांच्या आरोग्यातल्या दरीवरचा ब्रिटन सरकारचा १९८०चा प्रसिद्ध अहवाल लिहिणाऱ्या चौघांत ते होते. आणि २००० मध्ये, नव्वदीच्या उंबरठ्यावर, त्यांनी सहकाऱ्यांसोबत एक निबंध लिहिला ज्यात पायऱ्याही नव्हत्या आणि पँटीही. प्रश्न एवढाच, की एकट्या तरुण माणसाला निरोगी राहायला आठवड्याला किती पैसे लागतात? घरभाडं, भाजी, फळं, मासे, मित्रांना भेटायला जाण्याचा खर्च असं एकेक जोडत ते १९९९च्या दरांनी सुमारे १३२ पौंडांवर आले. सरकारी भत्ता त्याच्या आसपासही नव्हता. त्या यादीत व्यायामाच्या खर्चाचीही एक ओळ होती.